'रोजची भाकर' आणि एपिऊसिओस : दुर्मिळ ग्रीक शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतलं हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरातलं मूल अक्षरओळख होण्याआधी पाठ म्हणतं. त्यातल्या 'रोजची' या साध्या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये एपिऊसिओस असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ काय यावर तिसऱ्या शतकापासून आजपर्यंत एकमत झालेलं नाही.

मी गेली सोळा वर्षं उपदेशकांच्या आणि अभ्यासगटांच्या वर्गांत नव्या कराराचं ग्रीक शिकवते. दरवर्षी प्रभूच्या प्रार्थनेवर आलो की हा शब्द समोर येतो आणि दरवर्षी त्याच चार-पाच चुका होतात. करणारी माणसं प्रामाणिक असतात, पण घाईत असतात. आठवड्याभरात उपदेश उभा करायचा असतो आणि "मूळ ग्रीकमध्ये असं म्हटलंय" हे वाक्य फार मोहाचं असतं. वेदीसमोर बसलेले लोक त्या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून मला या चुका किरकोळ वाटत नाहीत.

आधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या. हा शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : मत्तय ६:११ आणि लूक ११:३. तिसरं ठिकाण 'दिदाखे' या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेच्या आठव्या अध्यायात आहे. १०५६ साली नकललेली तिची प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. तिथेही तीच प्रार्थना दिली आहे आणि ती दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलं आहे. म्हणजे ठिकाणं तीन असली तरी साक्ष एकाच प्रार्थनेची. ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला मोठा विद्वान, अलेक्झांड्रियात वाढलेला, ग्रीकमध्ये बोलणारा आणि लिहिणारा. त्याने प्रार्थनेवरच्या ग्रंथात नोंद केली की हा शब्द ग्रीक पंडितांच्या लेखनात सापडत नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. ग्रीक बोलणारा माणूस असं म्हणत असेल, तर आपण दोन मिनिटांत अर्थ सांगायला उभं राहू नये.

चूक : मोबाइलमधला आकडा दाबून थांबणं

बायबलच्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या सूचीत या शब्दाचा क्रमांक १९६७. अॅपमध्ये त्यावर बोट ठेवलं की 'निर्वाहापुरती, गरजेची' अशा धर्तीचा अर्थ दिसतो, आणि विद्यार्थी वही मिटतो. ती सूची १८९० सालची आहे. त्याच नोंदीत 'कदाचित उद्याची' असा दुसरा पर्यायही दिलेला आहे, पण तो वाचायलाही कुणी थांबत नाही. कोशातली ओळ म्हणजे कुणीतरी पुरावे तपासून दिलेला निकाल असतो. ज्या शब्दाला पुरावेच जवळजवळ नाहीत, त्याचा निकाल किती कच्चा असेल, हे आपलं आपणच ओळखायला हवं.

माझी सवय सांगते. कोश मी सगळ्यात शेवटी उघडते. आधी शब्द जिथे जिथे आला आहे ती वाक्यं हाताने वहीत उतरवते, डाव्या पानावर. लोकांनी काढलेले अर्थ उजव्या पानावर, तेही पेन्सिलने. एपिऊसिओसच्या वेळी डावं पान तीन ओळींत संपतं आणि उजवं भरून वाहतं. ते रिकामं डावं पान विद्यार्थ्याला माझ्या तासभर बोलण्यापेक्षा जास्त शिकवतं.

चूक : शब्द फोडला की अर्थ सापडला असं समजणं

या चुकीबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त उपदेश हिच्यावर उभे राहतात.

काही वर्षांपूर्वी एका तरुण उपदेशकाचं प्रवचन ऐकायला मी मागच्या बाकावर बसले होते. हुशार मुलगा, तयारी करून आलेला. त्याने फळ्यावर लिहिलं : एपि म्हणजे 'वर', ऊसिया म्हणजे 'सत्त्व, द्रव्य', म्हणून एपिऊसिओस म्हणजे 'सत्त्वाच्या वरची', 'अलौकिक' भाकर. मग पाऊण तास तो या अलौकिक भाकरीवर बोलला. शेवटी म्हणाला, इथे पोटाच्या भाकरीचा विषयच नाही, आजवर आपण ही प्रार्थना चुकीची म्हणत आलो. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, बांधकामावर काम करणाऱ्या. त्या बाहेर पडताना मला विचारत्या झाल्या, "बाई, मग मी रोज भाकर मागते ते पाप होतं का?" त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. एका उपसर्गाच्या फोडीने एका कष्टकरी बाईची प्रार्थना तिच्या हातून काढून घेतली होती.

फोड करून अर्थ लावणं का धोक्याचं, हे मराठी माणसाला खरं तर लवकर कळायला हवं. शाळेत आपण योगरूढ शब्द शिकतो. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला कुणी पंकज म्हणत नाही. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, आपण त्याला खिडकी समजतो. कुशल म्हणजे कुश नीट खुडणारा, पण कुशल डॉक्टरकडे जाताना आपण दर्भ घेऊन जात नाही. तेल मुळात तिळाचं, तरी आपण खोबऱ्याचं तेल म्हणतो आणि कुणाला अडत नाही. शब्द कुठून आला आणि तो वापरताना लोकांना काय म्हणायचं असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोड पहिलीचं उत्तर देते. दुसरीचं उत्तर वापरातून मिळतं, आणि इथे तर वापरच तीन ओळींचा.

शिवाय त्या मुलाची फोड व्याकरणातही सरळ बसत नव्हती. ग्रीकमध्येही संधी असतात. 'इति'पुढे 'आदी' आलं की 'इत्यादी' होतं, तसं 'एपि'पुढे स्वर आला की त्यातला 'इ' सहसा गळतो. म्हणून एपि अधिक ऊसिया यांचा शब्द 'एपूसिओस' असा व्हायला हवा होता, मधला 'इ' उरायला नको होता. ऊसियावरूनच झालेला 'एपूसिओदेस' हा शब्द ग्रीक तत्त्वज्ञांच्या लेखनात आहे आणि त्यात 'इ' गळलेलाच आहे. अपवाद आहेत. खोटी शपथ वाहणाऱ्याला 'एपिओर्कोस' म्हणतात, तिथे 'इ' राहतो. त्यामुळे संधीचा नियम दाखवून ही फोड अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण सिद्ध करण्याचं ओझं या फोडीच्या बाजूला आहे, हे नक्की. काही जण 'पेरिऊसिओस' हा शब्द पुढे करतात, तीताला लिहिलेल्या पत्रात (२:१४) देवाच्या 'स्वतःच्या' लोकांसाठी आलेला. तिथे 'इ' टिकला आहे, पण 'पेरि' हा उपसर्ग आपला 'इ' सोडतच नाही. तो दाखला इथे उपयोगाचा नाही.

दुसरी फोड जास्त सरळ जाते. 'येणारा दिवस' याला ग्रीकमध्ये 'हे एपिऊसा' म्हणतात (यातला 'हे' हा ग्रीक उपपद आहे, मराठीतला 'हे' नव्हे). हे रूप 'जाणे-येणे' या अर्थाच्या धातूवरून येतं आणि त्यातला 'इ' धातूचाच आहे, उपसर्गाचा नाही, म्हणून गळण्याचा प्रश्नच येत नाही. संस्कृत थोडंफार येणाऱ्यांना मी असं सांगते : वाद 'अस्' धातू आणि 'इ' धातू यांच्यातला आहे. ऊसिया हा शब्द 'असणे' या धातूचा, म्हणजे आपल्या 'अस्ति', 'सत्'च्या कुळातला. एपिऊसा 'जाणे' या धातूचा, म्हणजे आपल्या 'एति'च्या कुळातला. ग्रीक आणि संस्कृत या बहिणी असल्यामुळे हे नातं खरं आहे. पण लगेच बजावते की या नात्यावरून अर्थ काढायचा नाही. कुळ ओळखण्यापुरतं ते कामाचं. नाहीतर उद्या कुणी 'सत्'वरून 'सत्याची भाकर' असा उपदेश करेल, आणि तसा एकदा ऐकलेलाही आहे.

हे एपिऊसा नव्या करारात पाच वेळा येतं आणि पाचही वेळा प्रेषितांच्या कृत्यांत : ७:२६, १६:११, २०:१५, २१:१८ आणि २३:११. सोळाव्या अध्यायात पौल त्रोवसाहून गलबतातून समथ्राकेला जातो आणि 'दुसऱ्या दिवशी' नियापुलीला पोचतो, तो दुसरा दिवस म्हणजे हे एपिऊसा. तेविसाव्या अध्यायात त्याच शब्दाने येणारी रात्र सांगितली आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातही हा शब्द आहे, नीतिसूत्रे २७:१ मध्ये : उद्याच्या गोष्टींची बढाई मारू नको, येणारा दिवस काय घेऊन येईल ते तुला ठाऊक नाही. तिथे 'दिवस' हा शब्द लिहिलेलाच नाही, नुसतं 'एपिऊसा' पुरेसं होतं. मूळ शब्द इतका चलनात असेल तर त्यावरून विशेषण घडणं सहज आहे. म्हणून माझं मत 'येत्या दिवसाची भाकर' या बाजूला झुकतं. पण हे मत मी उजव्या पानावरच लिहिते, पेन्सिलने.

चूक : शेजारचे शब्द न वाचणं

'रोजची' हा अर्थ घेणाऱ्यांना मी लूकचं वाक्य मोठ्याने वाचायला लावते. मत्तय म्हणतो 'आज आम्हांला दे'. लूक म्हणतो 'रोज रोज आम्हांला देत जा', आणि त्यासाठी 'कथ हेमेरान', म्हणजे दररोज, असा साधा ग्रीक शब्दप्रयोग वापरतो. एपिऊसिओसचा अर्थही 'रोजची' असेल तर लूकचं वाक्य 'रोजची भाकर रोज देत जा' असं होतं. तसं बोलता येतं, पण मग इतका अनोखा शब्द हवाच कशाला? रोजचं, दैनंदिन यासाठी ग्रीकमध्ये सरळ शब्द होते. याकोब २:१५ मध्ये उघड्या-भुकेल्या भावाबहिणीला 'रोजचं अन्न' नाही असं म्हटलं आहे, तिथे 'एफेमेरोस' आहे. प्रे. कृत्ये ६:१ मध्ये विधवांच्या 'रोजच्या' वाटपावरून कुरकुर होते, तिथे 'कथेमेरिनोस' आहे. दोन्ही शब्द हाताशी असताना प्रार्थनेत ते घेतलेले नाहीत, ही गोष्ट वजनदार आहे.

दुसऱ्या बाजूचं एक वजनही मोजलं पाहिजे. चौथ्या शतकाच्या शेवटी योहान क्रिसोस्तोम, ज्याची मातृभाषा ग्रीक होती, मत्तयावर प्रवचन करताना विचारतो की एपिऊसिओस भाकर म्हणजे काय, आणि लगेच उत्तर देतो : एफेमेरोस, एका दिवसाची. म्हणजे 'रोजची' हा अर्थ कुणी आळशी भाषांतरकाराने नंतर घुसवलेला नाही. त्याच्याच आगेमागे यरुशलेमचा सिरिल हीच भाकर आत्म्याच्या सत्त्वासाठी आहे असं शिकवत होता. ग्रीक बोलणारी माणसं, एकाच शतकातली, आणि दोन टोकं.

चूक : दुसऱ्याने पाहिलेला पुरावा आपण पाहिला असं समजणं

ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे, म्हणून तपशिलाने सांगते.

नगर जिल्ह्यात एका गावी उपदेशकांचं शिबिर होतं. पंचवीस-तीस माणसं, पत्र्याची शेड, उन्हाळा. मी उत्साहाने सांगितलं की हा शब्द आता बायबलबाहेरही सापडला आहे. इजिप्तमध्ये फयूम भागात हवारा इथे पुरातत्त्वज्ञ पेट्रीने उत्खनन केलं, तिथल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, घरखर्चाची यादी होती. ऑक्सफर्डच्या सेस यांनी ती वाचली आणि १८८९ मध्ये छापली. त्यात एका ओळीत अर्धा ओबल (एक लहान ग्रीक नाणं) खर्च, आणि पुढे 'एपिऊसि' अशी अक्षरं. तेव्हा हा शब्द बाजाराच्या यादीतला, त्याचा अर्थ रोजचा शिधा, नोकरमाणसाला दिवसाला मिळणारा. मी फळ्यावर यादी काढून दाखवली. सगळ्यांना फार आवडली. ओरिजेनलाही जे माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत आहे, असा आनंद शेडभर पसरला. टिपणाच्या झेरॉक्स वाटल्या.

जेवणाच्या सुट्टीत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले. आयुष्यभर रजिस्टरं सांभाळलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "बाई, ती यादी आता कुठं ठेवलीय? कुणी परत वाचलीय का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी ती गोष्ट एका जुन्या भाष्यातून घेतली होती. त्या भाष्याने एका कोशातून घेतली होती. कोशाने १९१५ च्या एका संग्रहातून, आणि संग्रहाने सेस यांच्या छापील वाचनातून. मधल्या एकानेही मूळ पपायरस पाहिलेला नव्हता, कारण तो गहाळ होता. १९५७ मध्येच नव्या कराराचे अभ्यासक ब्रूस मेट्झगर यांनी हे लिहून ठेवलं होतं की पपायरस सापडत नाही आणि वाचन तपासता येत नाही. ते माझ्या वाचनात आलं नव्हतं, कारण मी पुढे शोधलंच नव्हतं.

घरी आल्यावर शोधलं. तो पपायरस १९९८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात पुन्हा मिळाला. नाइमन आणि वॉर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचला आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्या जागी सेस यांना 'एपिऊसि' दिसलं होतं, तिथे 'एलाइऊ' आहे. म्हणजे तेलाचे. घरखर्चाच्या यादीत अर्ध्या ओबलचं तेल.

कित्येक दशकं मोठमोठ्या कोशांनी त्या तेलाच्या ओळीवरून प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ सांगितला होता. आणि मी तो पत्र्याच्या शेडमध्ये तीस माणसांना वाटला होता. पुढच्या शिबिरात मी पहिला अर्धा तास फक्त ही दुरुस्ती केली आणि काकांचे सगळ्यांसमोर आभार मानले. पण झेरॉक्स परत बोलावता येत नाही. वर्षभराने दुसऱ्याच तालुक्यात एका उपदेशकाच्या तोंडून मी तीच खर्चाची यादी ऐकली, माझ्याच वाक्यांत. सभा संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, मला त्याहून जास्त.

तेव्हापासून एक नियम पाळते. "बायबलबाहेर सापडला" असं वाचलं की तीन प्रश्न : वस्तू आज कुठे आहे, ती शेवटची कुणी वाचली, आणि कोणत्या साली. पुस्तक १९९९ च्या आधीचं असेल तर एपिऊसिओसच्या बाबतीत त्यातला पपायरसचा उतारा सोडून द्यायचा. जुनी भाष्यं फुकट मिळतात म्हणून फोनमध्ये भरपूर असतात, आणि ही चूक त्यांतूनच आजही पसरते.

लहान चुका, पण वारंवार दिसणाऱ्या

आजच्या ग्रीसमध्ये लोक पोटापाण्याला 'एपिऊसिओस' म्हणतात, म्हणून अर्थ 'रोजची भाकर'च, असं सांगू नका. त्यांच्या बोलीत तो शब्द याच प्रार्थनेतून गेला आहे.

"लॅटिन बायबलमध्ये अमुक आहे" म्हणण्याआधी दोन्ही जागा उघडा. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने मत्तयात 'सुपरसबस्टान्शियालेम', म्हणजे सत्त्वापलीकडची, असं केलं आणि लूकमध्ये त्याच ग्रीक शब्दाला 'कोटिडियानुम', म्हणजे रोजची, हा जुना शब्द राहू दिला. लॅटिन उपासनेतल्या प्रार्थनेतही 'रोजची'च टिकली.

"येशू अरामी बोलायचा, ग्रीक सोडा" हे वाक्य ऐकलं की मी विचारते, अरामी शब्द कोणता? तो आपल्याकडे नाही. इब्री लोकांच्या शुभवर्तमानात या जागी 'माखार', म्हणजे उद्याची, असा शब्द होता, अशी जेरोमची नोंद मात्र आहे. ती फार मोलाची आहे, पण ते शुभवर्तमान आज आपल्या हातात नाही आणि तोच येशूचा मूळ शब्द होता हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सिरियाक भाषेतलं जुनं बायबल 'पेशित्ता' अरामीच्या जवळचं, म्हणून त्यालाच मूळ समजणं, हीही त्याच वाटेवरची चूक. पेशित्तेत 'आमच्या गरजेची' भाकर आहे, तिच्याहून जुन्या सिरियाक भाषांतरात 'सततची'. इजिप्तच्या कॉप्टिक भाषांतरांत 'येणारी' आणि 'उद्याची'. ही सगळी भाषांतरं आहेत. मी ती साक्षीदार म्हणून ऐकते, न्यायाधीश म्हणून नाही.

आणि "नव्या करारात एकदाच येतो" असं म्हणू नका. दोनदा येतो.

चूक : एका अर्थाने दुसरा खोडून काढणं

'येत्या दिवसाची' म्हटलं की वर्गात हात वर होतो : त्याच अध्यायात, ६:३४ मध्ये, उद्याची चिंता करू नका असं प्रभू म्हणतो, मग उद्याची भाकर कशी मागायला सांगेल? प्रश्न चांगला आहे. घाईचा विद्यार्थी इथेच 'उद्या'वर काट मारतो.

माझी आजी शेतमजुरीला जायची. मराठीत दिवसालाही रोज म्हणतात आणि दिवसाच्या मजुरीलाही रोज म्हणतात. संध्याकाळी रोज हातात पडला की ती वाण्याकडे जाऊन ज्वारी घ्यायची, गिरणीत द्यायची आणि गरम पीठ पदराखाली धरून घरी यायची. डब्याचं झाकण लावताना म्हणायची, "उद्याच्याला झालं." मग निजायची. आज मिळालेल्या रोजातून उद्याचं पीठ, आणि त्यानंतर चिंता नाही. पीठ नसेल त्या रात्री तिला झोप नसे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातले द्राक्षमळ्यातले मजूरही संध्याकाळीच एकेक दीनार घेतात. अनुवाद २४:१५ मध्ये मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत गुंतलेला असतो. अशा घरात 'येत्या दिवसाची भाकर आज दे' ही हाव ठरत नाही. उद्याची चिंता ज्याच्यावर टाकायची, त्याच्याकडे केलेली मागणी ती. पहाटे प्रार्थना केली तर येता दिवस म्हणजे आजचाच, रात्री केली तर उद्याचा. दिदाखे दिवसातून तीनदा म्हणायला सांगते, तेव्हा दोन्ही वेळा त्यात येतात.

मग 'गरजेपुरती' हा अर्थ गेला का? निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवा, रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेलं अन्न. दिवसापुरता गोळा करायचा, साठवला तर त्यात किडे पडत, आणि सहाव्या दिवशी मात्र दुसऱ्या दिवसाचाही आदल्या दिवशीच मिळे. नीतिसूत्रे ३०:८ मध्ये अगूर म्हणतो, मला दारिद्र्यही नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे. ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकणाऱ्या यहुदी माणसाच्या कानात हे सगळं होतं. शब्दाचा अर्थ एकच ठरवावा लागतो हे खरं, पण प्रार्थनेचा आशय त्या एका शब्दावर तोललेला नाही. त्या बांधकामावरच्या बाईंना मी तेव्हा हेच सांगितलं होतं : तुम्ही मागता ती भाकर या वाक्यात आहेच. कोणत्याही अर्थाने घेतलं तरी ती बाहेर जात नाही. आणि ज्यांना त्यात प्रभुभोजनाची भाकर दिसते, त्यांच्या मागे सिरिल आणि जेरोमसारखी माणसं उभी आहेत. त्यांनी आपला अर्थ सांगावा, फक्त दुसऱ्याची भाकर उचलू नये.

शेवटची चूक : प्रार्थनेचे शब्द बदलायला निघणं

दोन महिने ग्रीक शिकलेला विद्यार्थी एक दिवस येतो आणि म्हणतो, मंडळीत आपण 'येत्या दिवसाची भाकर' असं म्हणायला सुरुवात करू. मी त्याला पंडिता रमाबाईंची आठवण देते. केडगावला, मुक्तीच्या शेकडो मुली-बायांचा संसार सांभाळत, त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून कित्येक वर्षं बायबलच्या भाषांतराचं काम केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. एका शब्दापाशी किती बसायचं असतं, ते त्या कामातून शिकावं.

लोकांच्या तोंडात बसलेली प्रार्थना आणि अभ्यासाची वही यांची जागा वेगळी आहे. 'रोजची भाकर' हे मराठी चांगलं आहे. गोव्यात कोंकणीत या जागी 'गिरास', म्हणजे घास, म्हणतात, तेही सुंदर आहे. क्रिसोस्तोमने दिलेला अर्थ चुकीचा ठरवायला लागणारा पुरावा आज कुणाकडेच नाही. नवं भाषांतर तपासायला माझ्याकडे येतं तेव्हा मी ओळीतला शब्द तसाच ठेवायला सांगते आणि खाली एक टीप मागते : 'किंवा, येत्या दिवसाची, मूळ शब्दाचा अर्थ अनिश्चित'. 'अनिश्चित' हा शब्द गाळावा असं संपादक दर वेळी सुचवतात, वाचक गोंधळेल म्हणतात. मी तो परत लिहून पाठवते.